शेजारच्या प्लॉटवरची माती आपल्या चेंबरमध्ये का येते? बांधकाम, पाऊस आणि नियम

नमस्कार मंडळी.

(टेबलावर काचेची बरणी, आत गढूळ पाणी)

ही बरणी बघा. परवा संध्याकाळी पाऊण तास पाऊस झाला. तेव्हा पुण्यात धायरीला आमच्या गेटसमोरून वाहणारं पाणी मी हिच्यात भरून घेतलं. भरलं तेव्हा दुधाच्या चहासारखं दिसत होतं. आता तळाशी बघा. सगळ्यात खाली जाडसर, करकरीत आहे तो मुरूम. मी बरणी घरात आणेपर्यंत तो बसलासुद्धा होता. त्याच्यावर हा मऊ गाळ, तो रात्रीतून बसला. आणि वरचं पाणी अजून गढूळच आहे. चाळीस तास होऊन गेले.

यामागचा हिशेब साधा आहे. मातीचा कण जितका बारीक, तितका तो सावकाश खाली जातो. वाळूचा कण काही सेकंदांत तळ गाठतो. पण चिकणमातीचा २ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पाचशेव्या भागाएवढा कण अगदी संथ पाण्यात १ मीटर खाली जायला जवळजवळ तीन दिवस घेतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे पाणी आलं शेजारच्या प्लॉटवरून. तिथे बेसमेंटची खोदाई चालू आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या बाजूला असंच काम निघालं होतं. त्या जुलैमध्ये आमच्या सोसायटीच्या पावसाळी लाइनचं चेंबर मुरमाने गच्च भरलं आणि पाणी पार्किंगमध्ये शिरलं. आम्ही माणसं लावून तीन दिवस घमेल्यांनी गाळ उपसला. पंपाच्या खोलीत पाणी गेलं ते वेगळंच. वरच्या मजल्यावरच्या एका आजींना त्या तीन दिवसांत हंड्याने पाणी पोचवावं लागलं. ते बघितल्यापासून मी हा विषय सोडलेला नाही. मी स्वतः सिव्हिल इंजिनिअर आहे, साइटवर काम करते. त्यामुळे हे टाळता येतं हे मला पक्कं माहीत आहे.

आधी माती सुटते कशी ते बघू. जमिनीवर गवत असतं तोवर पावसाचा थेंब पात्यावर फुटतो. पोकलेनने वरचा थर ओढला की तोच थेंब थेट उघड्या मातीवर आदळतो आणि कण उडवतो. मग पाण्याचा पातळ पापुद्रा ते कण घेऊन उताराने निघतो. थोडं पुढे गेलं की त्याच्या बोटभर रुंदीच्या घळी पडतात, आणि एकदा घळ पडली की पाणी तिथूनच वेगाने धावतं. आपल्याकडचा मुरूम फसवा असतो. खोदताना पोकलेनच्या दाताला टणक लागतो, पण उन्हापावसात उघडा राहिला की भुसभुशीत होतो.

आता पाणी किती? दहा गुंठ्यांचा प्लॉट धरा, म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. त्यावर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ५०,००० लिटर पाणी झालं. दहा हजार लिटरचे पाच टँकर! उघड्या मातीवरून पाच टँकर ओतले तर खाली काय जाईल, विचार करा.

मग नियम काय म्हणतात? अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून जास्त जमीन बांधकामासाठी उकरायची असेल, तर खोदण्याआधी माती कशी अडवणार याचा लेखी आराखडा आणि परवाना लागतो. तिथल्या काउंट्या आणि शहरं त्यावर आपापले, कधीकधी आणखी कडक नियम लावतात. आपल्याकडे हा विषय एका कागदावर नाही. तो पाच-सहा कायद्यांत विखुरलेला आहे, आणि म्हणून कोणीच तो पूर्ण वाचत नाही.

सगळ्यात कामाचा कागद म्हणजे पर्यावरण मंजुरी. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचा अभ्यास) अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त बांधीव क्षेत्र असेल, तर काम सुरू करण्याआधी ही मंजुरी लागते. तिच्या अटींत साधारणपणे वरची सुपीक माती वेगळी साठवून बागेसाठी वापरायची आणि खोदलेल्या मातीचा शेजाऱ्यांना त्रास होऊ द्यायचा नाही, असं लिहिलेलं असतं. या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला द्यावा लागतो. आणि हा अहवाल सार्वजनिक कागद आहे, कोणीही अर्ज करून त्याची प्रत मागू शकतं. १ जून, म्हणजे आपल्या पावसाच्या तोंडावर! शेजारी मोठा प्रकल्प असेल तर हीच प्रत पहिल्यांदा मागा.

पण आठ फ्लॅटची इमारत या मर्यादेच्या कितीतरी खाली राहते. गल्लीबोळातली बहुतेक कामं अशीच. माझ्या मते खरी फट इथे आहे, कारण चेंबर भरायला वीस हजार चौरस मीटर लागत नाहीत.

छोट्या कामांना लागू पडेल असं काय आहे? जानेवारी २०१८ मध्ये केंद्राने धुळीसंबंधी नियम काढले. जिथली हवा ठरलेल्या मर्यादेपेक्षा खराब आहे अशा शहरांसाठी ते आहेत. सुटी माती, वाळू, राडारोडा उघडा ठेवायचा नाही, साइटकडे जाणारा रस्ता पक्का हवा, इमारतीच्या उंचीच्या एक तृतीयांश आणि जास्तीत जास्त १० मीटर उंचीचा, वारा अडवणारा आडोसा हवा. हे सगळं उन्हाळ्यातल्या धुळीसाठी लिहिलंय. पण मातीचा ढीग झाकलेला असला की तो जूनमध्येही वाहून जात नाही, म्हणून आपण हा नियम पावसाळ्यातही दाखवायचा. राडारोड्याबद्दल २०१६ साली आलेल्या नियमांनी तो रस्त्यावर किंवा गटारात पडून अडथळा होऊ द्यायचा नाही ही जबाबदारी थेट काम करणाऱ्यावर टाकली. आणि १९७४ च्या जल कायद्याचं कलम २४ सांगतं, की प्रवाहाला अडथळा होऊन प्रदूषण वाढेल असं काही जाणूनबुजून त्यात जाऊ द्यायचं नाही.

खोदलेली माती प्लॉटबाहेर न्यायची तर ती गौण खनिज (रेती-मुरमासारखं) ठरते. तहसील कार्यालयाची परवानगी, रॉयल्टी (सरकारला भरायची रक्कम), वाहतूक पास, सगळं लागतं. विनापरवाना उचलली तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८(७) खाली बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. यात पुण्याचं नाव असलेला एक निकाल आहे. प्रमोटर्स अँड बिल्डर्स असोसिएशन ऑफ पुणे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितलं, की पायासाठी खोदलेली माती त्याच प्लॉटवर भरावाला वापरली असेल तर नुसतं खोदलं म्हणून रॉयल्टी लागत नाही, मातीचा वापर कशासाठी झाला ते बघावं लागेल. निकाल योग्यच आहे. पण त्यामुळे ढीग प्लॉटवरच पावसाळाभर राहतो, तेव्हा तो झाकायला कोण सांगतं हा प्रश्न उरतो.

टेकडीचा नियम अगदी स्पष्ट आहे. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत १:५ किंवा त्याहून जास्त उताराच्या जमिनीवर बांधकाम नाही, कापणं-भरणं नाही. पाच मीटर चाललात आणि एक मीटर वर चढलात, की हात लावायचा नाही. जून २०१३ मध्ये कात्रज बोगद्याजवळ शिंदेवाडीला डोंगर कापलेल्या जागेवरून पाण्याचा लोंढा हायवेवर आला आणि एक माय-लेक वाहून गेल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते सहकारनगर, अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीतल्या माणसांना विचारा. त्या रात्री पाऊस प्रचंड होताच, पण ओढ्याच्या पात्रात भराव आणि गाळ असला की पाण्याला जायला जागा उरत नाही.

आता साइटवर काय करायचं, हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. थोडा वेळ देते.

पहिलं काम बाहेरचं पाणी बाहेरच ठेवायचं. प्लॉटच्या वरच्या अंगाला एक चर मारा आणि वरून येणारं स्वच्छ पाणी बाजूने काढून द्या. जेसीबीचं अर्ध्या दिवसाचं काम आहे. दुसरं, पत्र्याचं कुंपण. सगळे लावतात, पण पत्र्याखाली चार बोटांची फट असते आणि माती तिथूनच जाते. पत्रा किंवा जाड कापड जमिनीत वीतभर पुरून मागून माती दाबली पाहिजे. हिरवी जाळी नुसती टांगून काही अडत नाही.

तिसरा म्हणजे गाळखड्डा. बावधनला एका साइटवर मुकादमांनी केलेला खड्डा मी बघितला, तो तुम्हाला दाखवते.

(फोटो पडद्यावर)

प्लॉटच्या सगळ्यात खालच्या कोपऱ्यात दोन कप्पे. मध्ये खडीचा बांध, त्याला पोत्यांचा आधार. पहिल्या कप्प्यात मुरूम बसतो, खडीतून झिरपून पाणी दुसऱ्यात जातं. मुकादम दर पावसानंतर बांबू घालून गाळाची खोली मोजायचे. निम्मा भरला की उपसायचा, हा त्यांचा नियम. मी विचारलं, एवढं कोणी शिकवलं? म्हणाले, "ताई, आमच्या शेतात बांध असाच घालतात." नानासाहेब पेशव्यांनी कात्रजहून शहरात पाणी आणलं, तिथेही आधी वरच्या तळ्यात गाळ बसवायचा आणि निवळलेलं पाणी पुढे घ्यायचं, हीच रीत होती.

आता तो तीन दिवसांचा आकडा आठवा. चिकणमाती या खड्ड्यात बसत नाही, तेवढा वेळच मिळत नाही. म्हणून माती मुळात सुटूच न देणं सगळ्यात महत्त्वाचं. उघडा उतार ताडपत्रीने झाका, जिथे महिना-दोन महिने काम नाही तिथे गवत पेरा.

आणि पंप! बेसमेंटमध्ये साचलेलं पाणी पंपाने काढून पाइपचं तोंड थेट रस्त्यावरच्या चेंबरवर ठेवतात. हे दृश्य पुण्यात कुठेही दिसेल. पंपाचं तोंड तळाला टेकवू नका, भोकं पाडलेल्या ड्रमला जाळी गुंडाळून त्यात ठेवा, आणि पाणी आधी गाळखड्ड्यात सोडा. गेटवर मोठ्या खडीचा थर टाका म्हणजे डंपरच्या टायरची माती तिथेच झडते.

खड्ड्याच्या काठाबद्दल एकच सांगते, कारण हा वेगळ्या व्हिडिओचा विषय आहे. २९ जून २०१९ ला कोंढव्यात सोसायटीची संरक्षक भिंत शेजारच्या साइटवरच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि पंधरा जण गेले. तुमच्या भिंतीला लागून खोदाई असेल तर भिंतीवर तडा दिसायची वाट बघू नका.

सोसायटीने काय करायचं? मे महिन्यातच आपल्या चेंबरचं झाकण उघडून आतला फोटो काढा, पट्टी धरून, तारीख दिसेल असा. मग महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला आणि बांधकाम विभागाला एकच अर्ज द्या. मजकूर असा लिहा:

"आमच्या लगतच्या भूखंडावर खोदाई सुरू आहे. मातीचे ढीग उघडे आहेत, गाळखड्डा नाही, पंपाचे पाणी थेट पावसाळी वाहिनीत सोडले जात आहे. कृपया जागेची पाहणी करून पावसाळ्यापूर्वी माती अडवण्याची व्यवस्था करून घ्यावी. चेंबरची आजची स्थिती दाखवणारे फोटो सोबत जोडले आहेत."

अर्जाशिवाय आणखी दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्या, आणि ती सोसायटीच्या फाइलला लावा. दुसरी प्रत साइटवरच्या इंजिनिअरच्या हातात द्या. मी साइटवर असते म्हणून सांगते, असा कागद हातात पडला की दुसऱ्या दिवशी आम्ही पंपाचा पाइप नक्की हलवतो.