नाकासेंदो: रेल्वेनं वगळलेल्या गावांची वाट

नमस्कार मंडळी! जपान म्हटलं की आपल्याला आधी बुलेट ट्रेन आठवते, पण आज आपण पायी जाणार आहोत. नाकासेंदो नावाचा जुना रस्ता आहे, एदोहून म्हणजे आजच्या टोकियोहून निघून क्योतोला जाणारा, किनारा सोडून डोंगरांमधून, आणि वाटेवर मुक्कामाची 69 गावं. त्यातला किसो खोऱ्यातला मागोमे ते त्सुमागो हा तुकडा जेमतेम 8 किलोमीटरचा, रमतगमत गेलात तरी तीन तासांत होतो.

एकेकाळी इथनं सरदारांचे लवाजमे जायचे. शोगुनांचा, म्हणजे तेव्हा जपानवर राज्य करणाऱ्या लष्करी प्रमुखांचा, कायदाच होता 1635 पासून, की सरदारांनी आळीपाळीनं एदोत येऊन राहायचं, आणि सगळा खर्च स्वतःच्या खिशातून! 1861 मध्ये राजकन्या काझुनोमिया शोगुनशी लग्न करायला क्योतोहून निघाली ती याच रस्त्यानं, भलामोठा ताफा घेऊन.

मग रेल्वे आली, ती नदीच्या कडेनं गेली आणि त्सुमागो बाजूला पडलं. धंदा गेला, तरुण पोरं शहरात गेली, घरं मोडकळीला आली. जपानी माणूस जुनं किती जपतो असं आपण कौतुकानं म्हणतो ना, पण मला विचाराल तर निम्मं श्रेय गरिबीला आहे, पाडून नवीन बांधायला पैसेच नव्हते कुणाकडे. उरलेलं श्रेय मात्र गावकऱ्यांचं, 1968 पासून त्यांनी घरं दुरुस्त करायला घेतली आणि 1971 मध्ये सगळ्यांनी मिळून ठरवलं, घर विकायचं नाही, भाड्यानं द्यायचं नाही, पाडायचं नाही. विजेच्या तारासुद्धा समोरून दिसणार नाहीत अशा नेल्यात, आणि दिवसा मुख्य गल्लीत गाड्या बंद.

मागोमेचं तसं नाही, ते 1895 च्या आगीत बरंचसं जळालं, त्यामुळे तिथली घरं नंतरची. दगडी चढाची गल्ली छान आहे, फोटोही मस्त येतात, पण दुकानं जरा जास्तच झालीत. तरी गोहेइमोची खाल्ल्याशिवाय निघू नका, म्हणजे भाताचे गोळे काडीला लावून, वर अक्रोडाची गोडसर चटणी फासून निखाऱ्यावर भाजलेले, गरमच खायचे.

गाव संपलं की जंगल. इथल्या हिनोकी म्हणजे जपानी सायप्रसच्या झाडांवर ओवारी प्रांताच्या सरदारांची इतकी कडक नजर होती की झाड तोडलं तर डोकं जाईल अशी म्हणच पडली. त्सुमागोतलं ओकुया नावाचं मोठं घर बघा, ते हिनोकीचं आहे, पण 1877 चं, म्हणजे जुनी राजवट जाऊन बंदी उठल्यावरच बांधता आलं!

वाटेत ठिकठिकाणी घंटा टांगल्यात, त्या अस्वलांसाठी, लाजू नका, जोरात वाजवा, कारण माणूस येतोय हे आधी कळलं तर अस्वल आपणहून बाजूला जातं. मध्ये एक जुनं चहाघर लागतं, तिथे चहा फुकट देतात, डब्यात स्वखुशीनं काही टाकलंत तर चांगलंच.

आणि हो, सुरुवात मागोमेहूनच करा, ते उंचावर आहे म्हणून चढ कमी, साधारण 800 मीटरवर खिंड लागली की पुढे बहुतेक उतारच. त्सुमागोहून नागिसो स्टेशनला बस जाते पण फेऱ्या कमी, चुकली तर तासभर आणखी चाला, तो रस्ताही नाकासेंदोच आहे.