‘या, आत या!’

(मंडळाच्या कोजागरीच्या कार्यक्रमातील भाषण, थोडे संपादित)

नमस्कार मंडळी! दूध आटेपर्यंत पाच मिनिटं बोल, असं मला कार्यकारिणीनं सांगितलंय. दूध लवकर आटलं तर खुशाल थांबवा.

इथे कोजागरी आणि हॅलोवीन मागेपुढेच येतात, म्हणून विषय भुतांचा घेतलाय. माझी लेक नववीत आहे. तिनं हट्टानं मला ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’ बघायला बसवलं, म्हणजे व्हॅम्पायरांना, रक्त पिणाऱ्या भुतांना, मारणाऱ्या बफी नावाच्या मुलीची टीव्ही मालिका. मालिका जुनी. पहिला भाग मार्च १९९७ मध्ये लागला, शेवटचा मे २००३ मध्ये, एकूण १४४. मी आहे सातव्यावर, तेव्हा पुढचं कुणी सांगायचं नाही!

नाव ऐकून मी हसले होते. पण सुरुवातच बघा. रात्रीची शाळा. एक मवाली पोरगा खिडकीची काच फोडून एका मुलीला आत आणतो. ती बिचारी घाबरलेली, ‘कसला आवाज आला?’ म्हणून वळून वळून बघतेय. मी उशी घट्ट धरली. कुणी नाहीये याची तिची खात्री पटते, ती पुन्हा त्याच्याकडे वळते, आणि तिचे सुळे बाहेर! भीती त्याची वाटायला हवी म्हणून आपण बसलेलो, आणि व्हॅम्पायर निघते ती. पहिल्या दोन-तीन मिनिटांतच मालिका सांगून टाकते की इथे मुलींबद्दलचे अंदाज चुकणार आहेत.

बफी सोळा वर्षांची. कॅलिफोर्नियातल्या सनीडेल नावाच्या काल्पनिक गावात नवीन आलेली, आधीच्या शाळेची जिम जाळल्यामुळे हकालपट्टी झालेली. मुख्याध्यापक उदार मनानं तिचा जुना रेकॉर्ड टराटरा फाडतात, मग त्यात काय लिहिलंय ते वाचतात आणि तुकडे चिकटपट्टीनं जोडायला लागतात! ग्रंथपाल जाइल्स हा इंग्रज गृहस्थ तिचा गुरू. ती पुस्तकं मागायला जाते, तर हा व्हॅम्पायरांवरचा भला थोरला ग्रंथ तिच्यापुढे आदळतो.

आपल्याकडे भुतांचे पत्ते ठरलेले. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी, वेताळ गावाबाहेर. इथे नरकाचं तोंडच शाळेखाली आहे आणि प्रेत पडतं ते जिममधल्या लॉकरमधून. तिसऱ्या भागात तर एक आई जादूटोण्यानं मुलीच्या शरीरात शिरते. का? तर शाळेत असताना ती चीअरलीडर म्हणून गाजली होती, ते दिवस तिला परत हवे असतात. स्पेलिंग बी, भरतनाट्यमचं अरंगेत्रम, रोबोटिक्स... आपल्याला त्यासाठी मंत्रही लागत नाही. लेकीनं तेव्हा माझ्याकडे तिरकं बघितलं, मी पाणी प्यायला उठले.

सगळंच ग्रेट आहे असं नाही हं. राक्षसांचे मुखवटे रबरी दिसतात, आणि जमिनीखाली अडकलेला तो म्हातारा मुख्य व्हॅम्पायर तर जुन्या नाटकातल्या खलनायकासारखा पल्लेदार बोलत सुटतो. तो आला की मी भाजी निवडायला घेते.

माझा जीव अडकला तो बफीच्या आईत, जॉइसमध्ये. एकटीनं मुलगी वाढवतेय, पालकत्वाच्या कॅसेट ऐकतेय. दुसऱ्या भागात ती बफीला घराबाहेर जायची बंदी करते. म्हणते, सोळाव्या वर्षी प्रत्येक गोष्ट जीवनमरणाचीच वाटते. आणि त्या रात्री खरोखरच जीवनमरणाचा प्रश्न असतो! आई खाली जाते. बफी कपाटातली पेटी उघडते. वरच्या कप्प्यात मुलींच्या साध्यासुध्या वस्तू, तो उचलला की खाली लाकडी खुंट्या, लसूण, पवित्र पाणी. सगळं पिशवीत भरून ती खिडकीतून पसार. लेकीच्या कपाटात मी अजून डोकावलेले नाही. कसम!

आता सातवा भाग. नियम असा की बोलावल्याशिवाय व्हॅम्पायर घरात येऊ शकत नाही. दारात येते तीच पहिल्या भागातली सुळेवाली, गोड चेहऱ्यानं. ‘मी बफीबरोबर अभ्यास करते.’ जॉइस लगेच तिला आत घेते, स्वयंपाकघरात नेते आणि खायला काय देऊ म्हणून विचारते. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

मी ओरडले, ‘अगं, आधी ओळख तरी विचार!’

लेकीनं टीव्ही थांबवला. ‘आई, तू तर तिला चकली पण दिली असतीस.’

दिलीच असती. आणि जाताना डब्यातही भरून दिली असती.

चला, वेलचीचा वास आला. दूध झालंय.