जुन्या स्ट्रॅटोकास्टरचा रंग काढण्याआधी

(दृश्य: टेबलावर दोन गिटार, शेजारी शेजारी)

दोन्ही स्ट्रॅटोकास्टर, म्हणजे फेंडर कंपनीचं इलेक्ट्रिक गिटारचं मॉडेल. दोन्ही फुलर्टन, कॅलिफोर्निया इथल्या फेंडरच्या कारखान्यातल्या, सत्तरच्या दशकातल्या. सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद) गिटारचा रंग उजवा हात टेकतो तिथे थेट लाकडापर्यंत गेला आहे. दुसरीवर नंतर कुणीतरी काळा रंग मारलाय. घरीच रंग काढून नवा द्यावा का, हा प्रश्न दोघींबाबत आहे. उत्तर पिकगार्डखाली, म्हणजे तारांखालच्या प्लास्टिकच्या पत्र्याखाली, सापडतं.

(दृश्य: पिकगार्ड उचलताना)

आधी तारा सैल करून काढायच्या, मग पिकगार्डचे ११ स्क्रू. जॅककडे जाणाऱ्या दोन वायरी आणि मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीकडे जाणारी एक, यांचा फोटो काढूनच सोल्डर सोडवायचं. पॉटच्या (आवाज-टोनच्या बटणाखालच्या भागाच्या) पाठीवरचा आकडा पाहा: १३७७६३३. १३७ म्हणजे पॉट बनवणारी सीटीएस ही कंपनी, ७६ हे साल, ३३ वा आठवडा. म्हणजे पॉट मूळचा असेल, तर गिटार त्याआधीची नाही.

सनबर्स्टच्या पिकगार्डखाली तोच रंग, अखंड. काळीचा नेक (तारांखालचा लांब दांडा) सोडवला, की तो बसतो त्या खाचेत मात्र काळ्याखालून मूळ रंगाची कड डोकावते.

आता कापसाच्या बोळ्यावर ॲसिटोनचा एक थेंब, तोही याच खाचेत, जिथे डाग पडला तरी दिसणार नाही. काळा रंग विरघळून बोळ्यावर आला, म्हणजे तो लॅकर. खालचा थर तसाच चकचकीत राहिला, तो कारखान्याचा पॉलिएस्टर. १९६८ च्या सुमारास फेंडर त्याकडे वळली. हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या, खुंट्यांच्या भागाच्या) पुढच्या बाजूला मात्र नायट्रो लॅकरच राहिलं, म्हणून तो भाग पिवळा आणि नेक फिकट दिसतो. तिथे ॲसिटोन अजिबात नको, खालचं कंपनीचं नावही जाईल.

सनबर्स्ट इथेच थांबते. तिचा रंग मूळचा आहे; तो काढू नये. सुटू पाहणाऱ्या टवक्याच्या कडेला सुपरग्लूचा बारीक थेंब, ओलसर फडक्याने पुसणं, बस्स. मूळ रंग गेला की किंमत साधारण निम्म्यावर येते, असं जुन्या गिटारांचे व्यापारी धरतात.

(दृश्य: हीट गन आणि पत्रा)

काळी रंगवायला हरकत नाही. पॉलिएस्टरवर पेंट रिमूव्हर फारसा चालत नाही, उष्णता चालते. हीट गन सतत फिरती ठेवायची. एका जागी थांबली की लाकूड करपतं, आणि पारदर्शक रंगाखाली तो डाग कायम दिसतो. थर मऊ झाला की खरवडायचा पत्रा लाकडाच्या रेषांच्या दिशेने, जवळजवळ आडवा धरून सरकवायचा. पाहा, काचेसारखे तुकडे निघताहेत.

मग १२०, १८०, २४० नंबरचा पॉलिश पेपर, ठोकळ्यावर गुंडाळून. नेकच्या खाचेत पेपर नाही, रंगही नाही; तिथला जरासा फरक नेकचा कोन बदलतो. हे लाकूड ॲश जातीचं, रेषा खोल. फिलर (रेषा भरायची लुगदी) रेषांना आडवा घासून भरायचा आणि आडवाच खरवडायचा.

त्यावर सँडिंग सीलर (रंगाआधीचा तळथर), रंग आणि क्लिअर एनसी, म्हणजे नायट्रो, लॅकर. फर्निचर पॉलिशचं सामान ठेवणाऱ्या दुकानात हे सगळं मिळतं. क्लिअरचे आठ ते दहा पातळ हात, दिवसाला तीनच, मध्ये दोन तास. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे काम काढू नये. थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतलं पाणी त्यावर बसतं आणि लॅकर दुधाळ होतं.

वाफ पेट घेते. दार-खिडक्या उघड्या, रसायनाच्या वाफेसाठीचा मास्क तोंडावर.

(दृश्य: ओलं घासकाम, जवळून)

तीन-चार आठवडे गिटार टांगून ठेवायची. नाक जवळ नेल्यावर थिनरचा वास येत असेल, तर अजून थांबा. मग १०००, १५००, २००० नंबरचा वॉटर पेपर, पाण्यात साबणाचा थेंब. कडा शेवटी, अगदी हलक्या हाताने. रंग तिथेच आधी फाटतो. स्क्रूच्या भोकांत पाणी जाऊ देऊ नका. लाकूड फुगलं की भोकाभोवती लॅकर तडकतं. शेवटी रबिंग कंपाउंड.

स्क्रू परत बसवताना आटे साबणावर घासायचे, आधी उलटा फिरवायचा, जुना आटा सापडला की मग आवळायचा.