माळावरची काळी माती: आयोवाच्या प्रेअरीतली क्लॅरियन लोम

नमस्कार मंडळी. आपल्याकडे माळाची जमीन म्हटलं की काय डोळ्यासमोर येतं, वीतभर माती, खाली मुरूम, वर कुसळी गवत, आणि पेरलंच तर हुलगा-मटकी. भारी जमीन म्हणजे खालची, ओढ्याकाठची, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की अमेरिकेतल्या आयोवा राज्यात कोणी एखादा उंचवटा दाखवून म्हणालं की ही बघा आमची सगळ्यात भरवशाची जमीन, तर आपल्या माणसाला ते पटतच नाही. तिथे उंचावरची जमीन आधी नांगराखाली आली आणि सखल जमीन दलदल म्हणून कितीतरी वर्षं तशीच पडून होती. आज मला त्या उंचावरच्या मातीबद्दल बोलायचंय, आणि सगळ्या आयोवाबद्दल न बोलता एकच माती घेतो, क्लॅरियन लोम, म्हणजे नीट खोलात जाता येईल.

उलटं का झालं ते आधी सांगतो. आपल्या माळाखाली बेसॉल्टचा खडक आहे, तो झिजून जेवढी माती झाली आणि त्यातली पावसाने जेवढी शिल्लक ठेवली तेवढीच आपल्या वाट्याला. आयोवाच्या उत्तर-मध्य भागात शेवटच्या हिमयुगात उत्तरेकडून बर्फाची एक प्रचंड जीभ खाली सरकत आली, आज जिथे डी मॉइन शहर आहे तिथपर्यंत, म्हणून तिला डी मॉइन लोब म्हणतात. ती साधारण बारा ते सतरा हजार वर्षांपूर्वीच्या काळात आली आणि वितळून गेली, आणि जाताना वाटेत खरवडलेलं सगळं तिथेच टाकून गेली: चुनखडकाचा भुगा, शेल म्हणजे पापुद्र्यांचा मऊ खडक, कॅनडाकडून वाहून आणलेले ग्रॅनाइटचे गोटे, वाळू, चिकणमाती, सगळं एकत्र, न चाळलेलं. याला टिल म्हणतात. तो कितीतरी मीटर जाड आहे, त्यामुळे त्या माळावर खोदत गेलात तर खडक लागतच नाही, मुळांना खाली जायला कोणी अडवत नाही.

लोम म्हणजे काय ते शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको पण आकडे सांगून ठेवतो. चिकणमाती 7 ते 27 टक्के, पोयटा 28 ते 50 टक्के आणि वाळू 52 टक्क्यांच्या आत, असं मिश्रण असलं की ती लोम, म्हणजे तिघांपैकी कोणाचीच दादागिरी चालत नाही. हातावर बघायचं असेल तर थोडी माती भिजवून मळा आणि अंगठा न् तर्जनीच्या मध्ये दाबत दाबत तिची पट्टी काढा. लोमची पट्टी इंचभर व्हायच्या आत तुटते, आपल्या भारी काळ्या मातीची दोन इंच सहज निघते आणि वर बोटं धुवायला पाणी मागते. लोममध्ये वाळूची किंचित करकर लागते, पोयट्याचा पिठासारखा मऊपणा लागतो आणि थोडा चिकटपणाही लागतो.

आता खड्ड्यात उतरूया. माझ्या मते माती ही उभी कापूनच बघायची गोष्ट आहे, नुसती वरून मूठभर उचलून काही कळत नाही. मीटर-सव्वा मीटरचा खड्डा घेतला, एक भिंत चाकूने साफ केली की वरचा साधारण 40-45 सेंटीमीटरचा थर काळा दिसतो, ओला असताना तर अगदी काळा. त्याच्याखाली तो हळूहळू तपकिरी होतो, मध्ये रेघ मारल्यासारखी सीमा नाही. मग पिवळट तपकिरी थर, आणि साधारण मीटरभर खाली फिकट पिवळसर टिल. त्या टिलवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले की फसफसतं, म्हणजे चुना अजून तिथे आहे. वरच्या थरात फसफसत नाही कारण हजारो वर्षांच्या पावसाने तिथला चुना विरघळवून खाली नेला. म्हणजे आम्लाची बाटली घेऊन त्या भिंतीवर वरून खाली आलात की पाऊस किती खोल काम करून गेला ते डोळ्यांनी दिसतं. मला हे दरवेळी तितकंच भारी वाटतं.

आणखी एक बघायचं. तपकिरी भिंतीत मध्येच काळा गोल डाग दिसतो, वाटीएवढा, कधी ताटाएवढा. ते जुनं बीळ आहे. कधीकाळी गोफर किंवा बॅजरने खणलं, सोडून दिलं, वरची काळी माती त्यात पडून ते भरलं. अशा बिळांनी आणि मुंग्यांनी शतकानुशतकं वरचं खाली आणि खालचं वर केलंय, काळा थर इतका जाड होण्यात त्यांचाही हात आहे.

पण खरं काम गवताचं. बर्फ गेल्यावर तिथे आधी स्प्रूसची जंगलं आली, मग पानझडी झाडं, आणि हवामान कोरडं होत गेलं तसं आठ-नऊ हजार वर्षांपूर्वीच्या सुमाराला गवत पसरलं, त्या उंच गवताच्या माळालाच प्रेअरी म्हणतात. बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, उंच कोरड्या जागी लिटल ब्लूस्टेम, त्यांच्यामध्ये लेडप्लांट आणि प्रेअरी क्लोव्हर यांसारख्या नत्र बांधणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती. माणसापेक्षा उंच गवत वर दिसतं पण त्याचा मोठा भाग जमिनीखाली असतो, मुळं दोन-दोन मीटर आणि त्याहून खोल जातात. झाडाचा पाला वर पडतो आणि वरच्यावर कुजतो, म्हणून जंगलाच्या मातीत काळा थर पातळ. गवताचं तसं नाही, त्याच्या बारीक मुळांचा मोठा हिस्सा दरवर्षी मरतो आणि नवीन येतो, म्हणजे सेंद्रिय पदार्थ थेट मातीच्या आतच घातला जातो, वीतभर खाली, हातभर खाली, रोज, कोणी न घालता.

हे मेलेलं मूळ सगळं कुजून हवेत का जात नाही? एक, थंडी. हिवाळ्यात तिथली जमीन गोठते, महिनोन् महिने जिवाणूंचं काम मंद. दोन, चुना. टिलमधला कॅल्शियम हा चिकणमातीचा कण आणि ह्यूमस, म्हणजे कुजून मुरलेला सेंद्रिय पदार्थ, यांना बांधून ठेवतो, एकदा बांधलं की ते सहज कुजत नाही आणि पाण्याबरोबर वाहूनही जात नाही. तीन, वणवे. विजेने लागायचे आणि तिथले मूळ लोक, आयोवे, मेस्क्वाकी, डकोटा, शिकारीसाठी आणि नव्या गवतासाठी मुद्दाम लावायचे, त्यामुळे झाडं पसरली नाहीत आणि कोळशाचा थोडा अंशही मातीत राहिला. या तिन्ही गोष्टी एकाच जागी आल्या म्हणून मॉलिसॉल नावाचा मातीचा गट झाला, काळा, जाड, मऊ वरचा थर असलेला. युक्रेन-रशियातली चर्नोझम त्याच कुळातली.

इथे थांबून एक गैरसमज काढतो. काळी म्हणजे आपल्या रेगूरसारखीच ना, असं बरेच जण विचारतात. अजिबात नाही. आपल्या काळ्या मातीचा रंग बघून वाटतं सेंद्रिय पदार्थ खच्चून भरलेत, पण आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. आपला काळेपणा बेसॉल्टमधून आलेल्या चिकणमातीचा आणि तिला घट्ट चिकटलेल्या थोड्याशा ह्यूमसचा. क्लॅरियनमध्ये सेंद्रिय पदार्थच तीन-चार टक्के, म्हणजे कर्ब साधारण दोन टक्के, आणि रंग त्याचाच. आपली माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगून बंद होते, क्लॅरियन तेवढी फुगत नाही की आक्रसत नाही.

तिचा सगळ्यात मोठा गुण म्हणजे घडण. न नांगरलेल्या प्रेअरीतलं ढेकूळ हातात घेऊन हलकंच दाबलं तर ते फुटून छोटे छोटे गोल रवे होतात, मोकळ्या झालेल्या साबुदाण्याच्या खिचडीसारखे, प्रत्येक दाणा सुटा पण आतून ओलसर. हे रवे मुळांच्या चिकट स्रावाने, बुरशीच्या तंतूंनी आणि मघाच्या त्या कॅल्शियमने बांधलेले असतात. रव्याच्या आत बारीक पोकळ्या, त्यात पाणी थांबतं. रव्यांच्या मध्ये मोठ्या पोकळ्या, त्यातून जास्तीचं पाणी निघून जातं आणि हवा आत येते. म्हणून ही माती पाणी धरतेही आणि निचराही करते, आणि मोठा पाऊस पडून गेला तरी लवकर वाफशावर येते, जिथे आपल्या भारी काळ्या रानात पाय टाकायला कितीतरी दिवस वाट बघावी लागते. दीड मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं साधारण 25 सेंटीमीटर पावसाएवढं पाणी ती साठवते. वर्षाचा पाऊस 800-900 मिलीमीटर, त्यातला बराचसा वसंतात-उन्हाळ्यात, म्हणजे मका बिनापाण्याचा का पिकतो ते लक्षात येतं.

उंचवट्याचं महत्त्व इथे आहे. तोच टिल, तोच पाऊस, पण उतारावर खाली आलात की माती बदलते. क्लॅरियनच्या खाली निकोलेट, जराशी ओली, त्याच्या खाली वेब्स्टर, पाणथळ, काळा थर जास्त जाड आणि खालची माती राखाडी. अगदी खोलगट जागी ओकोबोजी, तिथे पाणी साचूनच राहायचं. उंचवट्यावर काळ्या थराखालचा तपकिरी रंग म्हणजे लोह गंजलेलं आहे, हवा पोचते. सखल जागेतला राखाडी रंग म्हणजे हवा नव्हती. खालच्या जमिनी जास्त काळ्या असूनही जमिनीखाली भाजक्या मातीचे पाइप टाकून पाणी काढेपर्यंत तिथे धड पेरता येत नव्हतं.

मग नांगर आला. प्रेअरीची काळी माती जुन्या ओतीव लोखंडी नांगराला चिकटून बसायची, 1837 मध्ये जॉन डीअरने इलिनॉयमध्ये गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला आणि त्यानंतर पन्नास-साठ वर्षांत जवळजवळ सगळी प्रेअरी उलटली गेली. आज आयोवात मूळ प्रेअरी एक टक्कासुद्धा नाही, हजारात एक भागही उरलेला नाही. पोकाहोंटस काउंटीत कॅल्सो प्रेअरी नावाचा 160 एकरांचा तुकडा आहे, कधीच न नांगरलेला. अशा तुकड्यांच्या कडेला उभं राहिलं की अनेक ठिकाणी शेजारचं शेत स्पष्ट खाली गेलेलं दिसतं, मध्ये पायरी असते. प्रेअरी वर आलेली नाही, शेत खाली बसलंय. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी अशा पायऱ्या मोजल्या आणि 2022 मध्ये आकडा दिला, वर्षाला साधारण 1.8 मिलीमीटर माती गेली. त्याच गटाने 2021 मध्ये उपग्रहाच्या चित्रांवरून काढलं होतं की कॉर्न बेल्टच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मक्याच्या पट्ट्याच्या, साधारण एक तृतीयांश शेतजमिनीवरून काळा थर पूर्ण गेलाय, आणि गेलाय तो मुख्यतः उंचवट्यांच्या माथ्यावरून. म्हणजे नेमकी आपली क्लॅरियनची जागा. वसंतात शेतं उघडी असताना वरून बघा, काळ्या रानात माथे फिकट पिवळे दिसतात.

यात नुसतं पाणी दोषी नाही हे मला आवर्जून सांगायचंय, कारण आपण धूप म्हटलं की फक्त पावसाकडे बोट दाखवतो. उतारावर नांगर फिरतो तेव्हा माती वर जाते त्यापेक्षा जास्त खाली सरकते, दरवर्षी थोडी थोडी, आणि माथ्याला वरून भर घालणारं कोणी नसतं. रवे फुटले, मुळं नाहीत, हवा खेळली की कर्ब झपाट्याने कुजतो. माथ्यावर मग खालचा चुन्याचा टिल वर येतो, आणि चुनखडीच्या रानात पीक पिवळं का पडतं ते तुम्हाला माहीतच आहे.

आता थोडं आशेचं. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या लोकांनी 2007 पासून शेतातच प्रेअरीच्या पट्ट्या लावून बघितल्या, समपातळीवर आणि उताराच्या पायथ्याशी. शेताचा फक्त दहा टक्के भाग प्रेअरीला दिला तर वाहून जाणारी माती जवळजवळ 95 टक्के कमी झाली. ताठ उभ्या काड्यांचं गवत मक्याच्या रानातून येणारं पाणी अडवतं, पाणी थबकतं, गाळ तिथेच बसतो आणि मुळांच्या वाटांनी पाणी खाली मुरतं. 2018 च्या फार्म बिलानंतर, म्हणजे अमेरिकेच्या शेती कायद्यानंतर, या पट्ट्यांना सरकारी अनुदान मिळायला लागलं. पट्टीतलं गवत तीन-चार वर्षांत अंग धरतं, वरच्या इंच-दोन इंचात रवे परत दिसायला लागतात, कर्ब मात्र कित्येक दशकं घेतो. आणि माथ्यावरून गेलेला तो काळा थर उताराच्या पायथ्याशी आणि नदीत जाऊन बसलाय, तो काही पट्टीने परत येत नाही, म्हणून जिथे अजून शिल्लक आहे त्या रानांत पट्ट्या आधी जायला हव्यात असं माझं ठाम मत आहे.