गाऱ्हाणं दुसऱ्याने घालावं

मंडळी, श्रद्धा उडालेला माणूस भेटला की आपण त्याला सांगतो, 'मन लावून नामस्मरण कर, सगळं ठीक होईल.' अहो, त्याचं मनच तर उठलंय! जी वस्तू त्याच्यापाशी उरलेली नाही, नेमकी तीच आपण त्याच्याकडे मागतो.

आपल्या कोकणात यावर जुनी सोय आहे, पण तिच्याकडे कुणी त्या नजरेने पाहत नाही. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा कोण बोलतं? ज्याचं दुःख आहे तो नाही. गुरव बोलतो, नाहीतर गावातला एखादा जाणता मानकरी. 'बा देवा म्हाराजा, ह्या लेकराच्या घरात काय वाकडां-नाकडां झाला आसात, ता दूर कर रे म्हाराजा!' आणि मागे उभी असलेली मंडळी म्हणतात, 'व्हय म्हाराजा!' ज्याच्यासाठी हे चाललंय त्याने फक्त उभं राहायचं. जमलं तर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. नाही जमलं तरी बाकीचे म्हणतातच. त्याच्या मनात त्या घटकेला भाव होता की नव्हता, हे कोणी विचारत नाही.

कोणी म्हणेल, हे बाहेरचं कर्मकांड झालं, खरी भक्ती आतून यायला हवी. मग तुकोबांकडे बघा. 1630च्या सुमाराचा दुष्काळ, धंदा बुडालेला, पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला. त्यानंतर आपण काय केलं ते तुकोबांनी स्वतःच सांगून ठेवलंय. देवाचं देऊळ भंगलं होतं, ते नीट करावं असं वाटलं. एकादशीला कीर्तन सुरू केलं, पण आधी अभ्यासात चित्त नव्हतं. संतांची काही वचनं पाठ केली आणि पुढे जे गात होते त्यांचं ध्रुपद, म्हणजे पालुपद, धरलं. मला यातलं ध्रुपद धरणं फार मोलाचं वाटतं. ज्याचे अभंग आज अख्खा महाराष्ट्र गातो, त्याने आरंभी दुसऱ्याच्या मागे उभं राहून सूर धरला. साक्षात्कार वगैरे पुढचं. आधी देवळाची डागडुजी आणि मागच्या रांगेतली जागा.

आता एक अडचणीची गोष्ट. परत आलेली श्रद्धा पहिल्यासारखी असते का? रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरची हकीकत तुम्हाला ठाऊक आहे. 1997 साली तिथल्या एका वाडीत खणताना सोन्याचा गणपतीचा मुखवटा मिळाला आणि गावाचं नशीबच पालटलं. माणसं लोटली, घरोघरी जेवणाची, राहण्याची सोय झाली. 24 मार्च 2012 रोजी दरोडा पडला. दोन पहारेकऱ्यांचा खून झाला. मुखवटा चोरांनी वितळवला. मधल्या काळात पर्यटक रोडावले, त्यात 3 जून 2020 रोजी निसर्ग वादळाने नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या. मग हस्तगत झालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवला आणि 23 नोव्हेंबर 2021 रोजी, अंगारकीला, त्याची प्रतिष्ठापना झाली.

ही गोष्ट सांगून 'बघा, देव परत आला' म्हणणारे पुष्कळ आहेत. मला ते अर्धंच सांगणं वाटतं. मुखवटा आला, ते दोन पहारेकरी आले नाहीत. देव स्वतःच्या राखणदारांना का वाचवू शकला नाही, हा प्रश्न 2012 साली होता आणि आजही आहे. हात जोडणाऱ्याने तो मनातून काढून टाकायची गरज नाही. ज्या भक्तीला हा प्रश्न सोसत नाही, ती पुढच्या वादळात पुन्हा उन्मळते. आपल्या संतांनी विठ्ठलाला तोंडावर शिव्या घातल्यात. जनाबाईने तर मुलाहिजाच ठेवला नाही. रागावलेला माणूस अजून बोलतोय, हे ध्यानात घ्या.

मात्र एक भेद करा. ज्याला बुवाने लुबाडलं, नाहीतर गुरुपदाच्या आडून कोणी छळलं, त्याला कृपा करून 'राग सोड, परत ये' असं सांगू नका. त्याने आधी पोलीस ठाण्यात जावं, 2013 पासून त्यासाठी जादूटोणाविरोधी कायदा आहे. देवाकडे परतणं म्हणजे त्या बुवाकडे परतणं नव्हे. त्या माणसाची श्रद्धा कधीच परत आली नाही, तरी त्याच्याशी आपलं नातं बिघडू नये.

मगाशी चहाच्या वेळी एका ताईंनी विचारलं, 'आमचे हे दोन वर्षांपासून देवळात येत नाहीत. शिमग्यात पालखी दारात येईल, तेव्हा काय करू?' ताई, आपल्याकडे देवच घरी येतो, हे तुमच्या सोयीचं आहे. अंगण सारवा, रांगोळी घाला, ओटी तुम्ही भरा. त्यांना पुढे ओढू नका आणि 'आता तरी नमस्कार करा' असं चारचौघांत म्हणू नका. पडवीत बसले तर बसू दे. पालखी नाचवताना खांदा द्यायला माणूस कमी पडला, तर पोरं त्यांना आपणहून हाक मारतील. उठायचं की नाही ते त्यांचं ते ठरवतील.