भाषाशिक्षकांनो, टीईटीचा पेपर दोन आणि खान्देशातली कामाची संधी

राम राम मंडळी! काय मंग, बरं शे ना?

जळगाव, धुळे, नंदुरबार, कुठल्याही स्टाफरूममध्ये जा, सध्या विषय एकच, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. मराठी, हिंदी, इंग्रजी शिकवणाऱ्या गुरुजींसाठी आणि मॅडमसाठी आजचा व्हिडिओ.

१ सप्टेंबर २०२५ चा सुप्रीम कोर्टाचा निकाल व्हॉट्सॲपवर फिरतोय तसा वाचू नका. पहिली ते आठवीला शिकवणारे, शिक्षण हक्क कायद्याआधी लागलेले असले तरी, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त बाकी असेल तर त्या तारखेपासून दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. पाचपेक्षा कमी उरली असतील तर नोकरीला धक्का नाही, पण बढती हवी असेल तर टीईटी लागणारच. अल्पसंख्याक संस्थांना टीईटी लागू होते का, हा मुद्दा मोठ्या खंडपीठाकडे गेलाय. टीईटी आहे आठवीपर्यंतची. आपल्याकडची हायस्कुलं मात्र पाचवी ते दहावी एकत्र असतात, म्हणून आज घरी गेल्यावर वैयक्तिक मान्यतेचं, म्हणजे शिक्षण खात्यानं तुमच्या नेमणुकीला दिलेल्या मंजुरीचं, पत्र काढा आणि मान्यता कोणत्या इयत्तांच्या गटाची आहे ते बघा. चहाच्या टपरीवरचा सल्ला नको.

आता पेपर दोन, म्हणजे सहावी ते आठवीला शिकवणाऱ्यांचा. दीडशे मार्क. बालमानसशास्त्र ३०, पहिली भाषा ३०, दुसरी भाषा ३०. इथपर्यंत आपण राजे! पुढचे ६० मार्क एकतर गणित-विज्ञान, नाहीतर सामाजिक शास्त्र. वीस वर्षं कविता शिकवलेल्या माणसानं इतिहास-भूगोलाचं पुस्तक कधी उघडलेलं असतं? खुल्या गटाला ६० टक्के म्हणजे ९० मार्क हवेत. भाषेच्या साठपैकी पन्नास आणि मानसशास्त्रात वीस पडले, तरी वीस कमीच राहतात. म्हणून मराठीच्या शिक्षकानं मराठीचा गाईड बाजूला ठेवावा आणि सहावी ते आठवीची बालभारतीची इतिहास-भूगोलाची पुस्तकं घ्यावीत. चुकीच्या उत्तराला मार्क कापत नाहीत, एकही प्रश्न सोडू नका. आणि एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, पूर्वीची सात वर्षांची अट गेली.

हिंदीच्या सरांसाठी एवढंच: पहिलीपासून हिंदी शिकवण्याचे दोन्ही शासन निर्णय २९ जून २०२५ ला मागे घेतले गेले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. पहिलीपासून हिंदी येणार या भरवशावर कुणी नवी भरती निघेल म्हणून क्लास लावत असेल, तर फी भरण्याआधी थांबा.

संधी मला दिसते ती दुसरीकडे. २०२० च्या कायद्यानं राज्यात सीबीएसई असो की आयसीएसई, सगळ्या शाळांत मराठी सक्तीची झाली. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात, शिरपुरात, जळगावात या शाळांच्या वर्गात घरी हिंदी, सिंधी, गुजराती बोलणारी पोरं बसतात. तिकडे धडगाव-अक्कलकुव्यात पहिलीतलं पोर पावरी किंवा भिली बोलत येतं, नवापुरात मावची. दोन्हीकडे गुरुजींना मराठी दुसरी भाषा म्हणून शिकवायचीय. बीएडला आपल्याला शिकवलं ते रसग्रहण आणि पाठ टिपण! ऐकून समजायला वेळ देणं, चित्रावर बोलतं करणं, पोराच्या बोलीतला शब्द फळ्यावर येऊ देणं, मग लिहिणं, हे ज्याला जमतं तो मुलाखतीच्या डेमो तासात उठून दिसतो. अहिराणी येत असेल तर बायोडाटात लिहा, लाजू नका. मी तर म्हणेन पावरीची दहा वाक्यं येत असतील तर तीही लिहा.

नवोदय आणि एकलव्य निवासी शाळांच्या जाहिरातीत प्रादेशिक भाषेच्या टीजीटी (प्रशिक्षित पदवीधर शिक्षक) पदांचा रकाना शोधा, बहुतेक जण मराठीचं नाव पहिल्या पानावर दिसलं नाही म्हणून पान बंद करतात. नवोदयला सीटीईटीचा, म्हणजे केंद्राच्या टीईटीचा, पेपर दोन लागतो, तीही परीक्षा मराठी भाषा घेऊन देता येते. सेवेत असाल तर म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाचं पुण्यातलं केंद्र बघा, शिक्षकांना दहा महिन्यांत दुसरी भारतीय भाषा शिकवतात. सीमेवरच्या गुरुजींना गुजराती आली तर किती कामाची!

पुढच्या व्हिडिओत पेपर दोनचा भूगोल. नकाशावही जवळ ठेवा, आठवीचीच.