कुलूप चुकीच्या दाराला

अध्यक्ष, कार्यवाह, आणि गणपती आठवड्यावर आलेले असताना आरास सोडून आलेली मंडळी,

पत्रिकेत विषय 'माहिती कोणाची?' असा छापलाय. मी दिलेलं शीर्षक लांब होतं. त्यात नवा डेटा संरक्षण कायदा होता, माहितीचा अधिकार होता, संशोधनपत्रिका होत्या. कार्यवाह म्हणाले, "सर, एवढं छापलं तर लोक यायचे नाहीत." बरोबरच होतं त्यांचं. पाऊण तास मिळालाय, त्यातली बारा मिनिटं सत्कारात गेली. नारळ चांगला आहे, तक्रार नाही.

मी चौतीस वर्षं कॉलेजात ग्रंथपाल होतो. ग्रंथपालाचा अर्धा जन्म कपाटांना कुलपं लावण्यात जातो आणि अर्धा किल्ली शोधण्यात. तेव्हा कुलपांबद्दल बोलायचा थोडा अधिकार मला आहे असं धरून चालतो. माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे कुलूप चुकीच्या दाराला लागतंय. जे उंबऱ्याच्या आत राहायचं ते रस्त्यावर पडलंय, आणि जे चावडीवर मोठ्याने वाचायचं ते कपाटात चाललंय.

एक गोष्ट सांगतो. आमच्या घरी ती इतकी ऐकून झाली आहे की सुरू केली की सून पोळ्या लाटायला उठते.

मागच्या दिवाळीआधी कुकरची रिंग आणायला गेलो. पूर्वी बोहरी आळीतला दुकानदार रिंग बोटावर फिरवत विचारायचा, "पाच लिटर की तीन?" चौकशी तिथे संपायची. आता गेलो ते मोठ्या, थंडगार दुकानात. रिंग नव्वद रुपयांची. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काका, मोबाइल नंबर?" म्हटलं, कशाला? "बिल निघत नाही त्याशिवाय." म्हटलं, माझ्याकडे मोबाइल नाही. नेमका त्याच क्षणी खिशात वाजला. (हशा.) हिचा फोन, रिंग मिळाली का म्हणून.

माझ्या मागे सात-आठ माणसं, हातात फरसाण, तेलाचे डबे. त्यांच्या डोळ्यांत मी म्हणजे चकलीच्या आड आलेला म्हातारा. मग मी शहाणपणा केला. तोंडाला येतील ते दहा आकडे सांगितले. मुलाने ते टाकले, मशीन टुणटुणलं आणि तो म्हणाला, "काका, मिसेसच्या नावावर आहे का? तीनशे चाळीस पॉइंट आहेत. वापरायचे?"

स्क्रीन माझ्याच बाजूला वळलेली होती. एका बाईंचं नाव, आणि खाली त्यांनी घेतलेल्या वस्तूंची यादी. तांदूळ, गूळ, फिनेल. आणि दर पंधरा दिवसांनी, न चुकता, मोठ्यांचे डायपर. मी ते वाचलं. नको होतं वाचायला, पण डोळे काय मिटून घेणार? त्या बाईंना मी ओळखत नाही, रस्त्यात दिसल्या तर कळणार नाही, पण त्यांच्या घरात कुणीतरी अंथरुणाला खिळलंय हे मला ठाऊक आहे. शेजारणीलाही त्यांनी ते सांगितलं नसेल.

'माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' असं विचारणारे इथेही दोन-चार असतील, पहिल्या रांगेत असतात बहुधा. त्या बाई तरी काय लपवत होत्या? सासूची सेवा? पॉइंट मी वापरले नाहीत, हे नमूद करतो. खोटा नंबर द्यायचंही तेव्हापासून सोडलं. २०२३च्या मे महिन्यात केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुकानदारांना सांगितलं होतं, की बिलासाठी नंबरचा हट्ट धरू नका. ते त्या मशीनपर्यंत पोचलेलं नव्हतं.

आता न्यायालयाकडे येतो. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ साली आधारच्या विरोधात सर्वोच्च न्यायालयात गेले. वय वर्षं श्याऐंशी! सुनावणीत सरकारने १९५४ आणि १९६२चे जुने निकाल पुढे केले आणि सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क नाहीच. मग नऊ न्यायाधीश बसले, आणि २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊच्या नऊ म्हणाले, आहे. त्याच निकालात न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांनी आणीबाणीतला १९७६चा एक निकाल, अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येणार नाही असं सांगणारा, मोडीत काढला. तो देणाऱ्यांत त्यांचे वडील, यशवंतराव होते. आपल्या खेड तालुक्यातल्या कन्हेरसरचं हे घराणं. घरचा आहेर म्हणतात तो हा. आमच्याकडे मुलाने टीव्हीचा चॅनेल बदलला तरी बापाला सोसत नाही.

हे झालं उघड्या दाराचं. आता बंद दार, म्हणजे माझा धंदा.

संशोधनपत्रिका कशी चालते बघा. प्राध्यापकाचा पगार सरकार देतं, म्हणजे तुम्ही देता. प्रयोगशाळाही तुमची. तो लेख लिहितो, बहुतेक वेळा फुकट. दुसरे दोन प्राध्यापक तो तपासतात, तेही फुकट. प्रकाशक छापतो आणि त्याच कॉलेजच्या ग्रंथपालाला वर्गणीचं बिल पाठवतो. आमच्या रसायनशास्त्राच्या सरांना एकदा स्वतःचाच लेख हवा होता. वर्गणी बंद केलेली. एका लेखाला तीसेक डॉलर मागत होते. सर म्हणाले, "अहो, हा मीच लिहिलाय!" म्हटलं, सर, मला पटतंय, त्यांना पटवा. पुढे त्यांनी तो कुठून उतरवून घेतला ते मी बघितलं नाही. मी पुस्तकांवरची धूळ झटकत होतो.

या दुखण्यावर सरकारने औषध काढलं. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे संस्थांची वर्गणी सरकारनेच एकत्र भरायची. २५ नोव्हेंबर २०२४ला मंत्रिमंडळाची मंजुरी. तीन वर्षांना सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास पत्रिका. पोरांची सोय झाली, चांगलंच आहे. पण पहिल्या टप्प्यात दार उघडलं ते सरकारी उच्च शिक्षणसंस्थांना आणि केंद्राच्या संशोधनसंस्थांना. या वाचनालयातून, त्या खिडकीजवळच्या टेबलावरून, मधुमेहावरचा लेख तुम्हाला वाचता येत नाही. आणि हे सहा हजार कोटी म्हणजे भाडं आहे. भाडं थकलं की घरमालक कुलूप घालणार. उलट आपल्या वाईचा मराठी विश्वकोश पाहा, इंटरनेटवर सगळा फुकट. 'शोधगंगा' या विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात लाखो प्रबंध तसेच मोकळे. तिथे कुणी कुणाला नंबर विचारत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या झेरॉक्सवाल्याचा खटलाही सांगायचा होता, पुस्तकांची पानं विद्यार्थ्यांना काढून देतो म्हणून परदेशी प्रकाशकांनी त्याला कोर्टात खेचलं आणि २०१६ साली ते हरले...

चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' अध्यक्षांचं अक्षर सुंदर आहे.

म्हणजे ज्यासाठी आलो ते पाच मिनिटांत. ऐका.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३मध्ये झाला. नियम निघाले नोव्हेंबर २०२५मध्ये. कंपनीने तुमची माहिती सांभाळली नाही तर दंड अडीचशे कोटींपर्यंत. तुम्ही खोटी तक्रार केलीत तर तुम्हालाही दहा हजारांपर्यंत, समान न्याय आहे! पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांपासून अठरा महिने. सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला यातून वगळू शकतं, तीही तरतूद आहे.

अठरा महिने न थांबता, लगेच लागू झालं ते कलम ४४(३). त्याने माहिती अधिकार कायद्याचं कलम ८(१)(ञ), वैयक्तिक माहिती कधी नाकारता येते ते सांगणारं, बदललं. आधी काय होतं? माहिती वैयक्तिक असेल आणि सार्वजनिक कामाशी तिचा संबंध नसेल, तर नाकारता येई. शिवाय खाली एक सुंदर ओळ होती, की जे संसदेला किंवा विधिमंडळाला नाकारता येत नाही ते कुणाही माणसाला नाकारू नये. ती ओळ गेली. संबंध-बिंबंध गेलं. आता 'वैयक्तिक माहिती' एवढं म्हटलं की पुरे. सरकार म्हणतं, ८(२) शाबूत आहे, जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. खरं आहे. पण तालुक्याच्या कचेरीत दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून आलेल्या अर्जावर जनमाहिती अधिकारी जनहित तोलत बसेल की नावाकडे बोट दाखवून मोकळा होईल? तुम्ही कचेरीत गेलेला आहात.

आणि भ्रष्टाचार नावांतच असतो हो. १९९४ साली राजस्थानात कोट किराणा गावी मजूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. सरकारी कामांच्या हजेरीपटावरची नावं लोकांसमोर मोठ्याने वाचली, म्हणून कोण कामावर होतं आणि कोण नुसतं कागदावर, ते गावानेच सांगितलं. कुलाब्याच्या 'आदर्श' गृहनिर्माण सोसायटीचं प्रकरण २०१०मध्ये उभं राहिलं, त्याचा जीव कशात होता? सभासदांच्या यादीत. नाव, नातं, पगार, फ्लॅट, सगळं वैयक्तिकच की! आपल्या राज्याने तर केंद्राच्या आधी, २००२चा स्वतःचा माहिती अधिकार कायदा केला होता, लोकांनी उपोषणं करून मिळवलेला.

पुट्टस्वामींनी मागितलेलं कुलूप त्या डायपर घेणाऱ्या बाईंच्या दारासाठी होतं. ते बसवलं गेलं हजेरीपटाच्या कपाटाला, आणि बाईंचं दार अजून...

हो, हो, थांबतो. दुसरी चिठ्ठी आली.

एकच विचारायचं राहिलं. आत येताना दारात टेबलावर वही होती, नाव, पत्ता, मोबाइल नंबर. मी नंबरच्या रकान्यात रेघ मारली, तर तिथला मुलगा म्हणाला, "सर, निदान वक्त्यांनी तरी भरायला हवं." वर पाहिलं तर तुमच्यापैकी साठएक जणांनी भरलेलं, सुवाच्य अक्षरात. कार्यवाह, ती वही आज रात्री कोणाच्या घरी जाणार?